लाल बटण दुसऱ्यांदा दाबण्याआधी

मागच्या अंकात डिझेल बर्नरच्या काजळीवर अर्धं पान लिहिलं आणि पंधरवड्यात पत्रांची चळत आली. बहुतेक बेकरीवाल्यांची, एक फरसाणवाल्यांचं आणि एक थेट न्यू जर्सीहून. मी इंजिनिअर नाही. आयटीआय करून १९८३ साली एका डेअरीच्या बॉयलरवर हेल्पर म्हणून लागलो, पुढे कुपवाडच्या एमआयडीसीत स्वतःचं दुरुस्तीचं शेड टाकलं आणि सांगली, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यातले बर्नर उघडत राहिलो. आता गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, म्हणून खुर्चीत बसून उत्तरं देतो.

आमचा डिझेलवरचा रोटरी रॅक ओव्हन १२ वर्षांचा आहे. पहाटे ३ वाजता पहिली ट्रॉली लावायच्या वेळी बर्नर पेटत नाही. ब्लोअर फिरतो, थोड्या वेळाने लाल दिवा लागतो. बटण दाबत राहिलं की पाचव्या-सहाव्या वेळेला ‘धप्’ असा आवाज होऊन पेटतो. मग दिवसभर काही तक्रार नाही. कारागिरांना सवय झालीय. नोझल दोनदा बदललं, फरक नाही. (एक बेकरीचालक, कराड)

दादा, ‘धप्’ हा शब्द तुम्ही फार सहज लिहिलाय. मी वाचला आणि हातातला चहा खाली ठेवला. तो आवाज म्हणजे भट्टीच्या पोटात न जळता साठलेल्या डिझेलचा छोटा स्फोट आहे. आजवर छोटा राहिला हे तुमच्या कारागिरांचं नशीब.

बर्नरची रीत अशी असते. थर्मोस्टॅटने हाक मारली की मोटर सुरू होते. त्याच मोटरच्या दांड्यावर पंखा असतो आणि डिझेलचा पंपही. सुरुवातीचे दहा-पंधरा सेकंद नुसती हवा फुंकली जाते, आत जुनी वाफ असेल तर ती चिमणीतून निघून जावी म्हणून. ट्रान्सफॉर्मर दोन काड्यांमध्ये ठिणगी पाडायला लागतो. मग सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, उघडतो, नोझलमधून डिझेलचं धुकं येतं आणि पेटतं. फोटोसेल नावाचा एक डोळा ज्योतीकडे बघत असतो. ठरलेल्या वेळात, लहान बर्नरला बहुधा दहा सेकंदांत, त्याला उजेड दिसला नाही तर कंट्रोल बॉक्स डिझेल तोडतो आणि लाल दिवा लावून गप्प बसतो. तो म्हणत असतो, मला ज्योत दिसली नाही, कुणीतरी येऊन बघा. आपण न बघताच बटण दाबतो.

आता हिशोब करू. तुमच्या ओव्हनला १.०० चं नोझल आहे असं धरतो. हा आकडा ७ बार दाबाला तासाला एक अमेरिकन गॅलन, म्हणजे ३.८ लिटर, असा असतो. पंपाचा दाब १० बार ठेवला तर तेच नोझल तासाला साडेचार लिटर सोडतं. दहा सेकंदांत साडेबारा मिली. ठिणगीच पडत नसेल आणि सहा वेळा बटण दाबलं, तर ७५ मिली. कटिंग चहाच्या ग्लासाएवढं डिझेल भट्टीच्या तळाशी, आणि सातव्यांदा ठिणगी.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द ‘पहाटे’ हा आहे. नोझल खराब असतं तर दुपारीही कुरकुरलं असतं. दिवसभर नीट आणि रात्रभर बंद राहिल्यावरच रुसणं, याचा अर्थ माझ्या अनुभवात बहुतेक वेळा एकच निघतो: टाकीकडून पंपाकडे येणारा पाइप कुठेतरी हवा खातोय. रात्रभरात त्यातलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं, पहाटे पंपाला हवा मिळते. बुडबुड्यांचं डिझेल नोझलमधून धुकं होऊन येत नाही, थुंकल्यासारखं येतं. ते पेटत नाही, साचतं.

मिस्त्रीला सांगा, पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोड आणि बर्नर चालू असताना बघ. बुडबुडे दिसले तर टाकीपर्यंतचा एकेक जोड तपासायचा. ओला जोड शोधत बसू नका. चोषणाच्या बाजूचा जोड डिझेल बाहेर सोडत नाही, हवा आत ओढतो, त्यामुळे तो वरून कोरडा ठणठणीत दिसतो. फिल्टरच्या काचेच्या वाटीखालचं रबर आणि टाकीतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल मागे उतरू न देणारा) हे दोन जुने गुन्हेगार. तिसरा म्हणजे टेफ्लॉन टेप. नळाला लावतात ती पांढरी टेप डिझेलच्या जोडाला लावू नये. तिचे तंतू सुटून पंपात आणि नोझलच्या जाळीत जातात. मी पंपातून अशी टेप चिमट्याने ओढून काढलीय, शेवया काढाव्यात तशी.

त्याच दिवशी ठिणगीच्या काड्याही बघून घ्या. चिनी मातीच्या नळीला केसाएवढा तडा असला तरी ठिणगी टोकाला न पडता मध्येच उडी मारते. दोन टोकांतलं अंतर साधारण ३ ते ४ मिलिमीटर असतं, तुमच्या बर्नरच्या पुस्तकात असेल तेच धरा. रात्री तुमच्याकडे व्होल्टेज पडत असेल तर तेही मोजा. ठिणगी आणि मोटर दोन्ही त्याने लुळी होतात.

आणि तोवर कारागिरांना एवढं सांगा: बटण एकदाच. दुसऱ्यांदा लाल दिवा लागला की एमसीबी खाली, डिझेलचा कॉक बंद, आणि मिस्त्रीला फोन. भट्टी गरम असताना असं झालं आणि चिमणीतून किंवा फटीतून पांढरा धूर येऊ लागला, तर ती न जळलेल्या डिझेलची वाफ आहे. झाकण उघडायचं नाही, काचेतून डोकवायचं नाही, लांब व्हायचं. थंड झाल्यावर आतलं डिझेल फडक्याने टिपून घेतल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. १९९४ साली मिरजेजवळच्या एका बेकरीत मालक घाई करत होता म्हणून मीच चार वेळा बटण दाबलं आणि ठिणगी पडते का बघायला झडप सरकवून डोळा लावला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. भुवया दोन महिने नव्हत्या. त्या वर्षी धाकटीने शाळेत ‘माझे बाबा’ काढले ते बिनभुवयांचे.

लातूरला नवीन बेकरी सुरू करतोय. रॅक ओव्हन जुना घेतला, बर्नर नवीन. जागा जुन्या वाड्याची, वर लाकडी माळवद. ओव्हनच्या वरच्या मोकळ्या जागेत २०० लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप ठेवून डिझेल उताराने खाली आणायचं, असं फिटर म्हणतो. पंपावर ताण येणार नाही म्हणे. (एक नवउद्योजक, लातूर)

फिटर बदला. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा.

गरम ओव्हनच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पिंपात डिझेल म्हणजे वरातीच्या घोड्यावर फटाक्यांची पोती. खाली एखादा जोड सुटला तर पिंप रिकामं होईपर्यंत धार थांबणार नाही, आणि ती कुठे पडणार ते तुम्हीच बघा. टाकी लोखंडी पत्र्याची, भिंतीपलीकडे, सावलीत, जमिनीवर चौथऱ्यावर. खाली गळती अडवायला कठडा. तळाला किंचित उतार आणि उताराच्या टोकाला ड्रेन कॉक, कारण डिझेलपेक्षा पाणी जड, ते तळाशी बसतं आणि पावसाळ्यात नक्की येतं. चोषणाचा पाइप तळापासून चार बोटं वर. हवेची नळी वर नेऊन तोंड खाली वळवलेलं, जाळी लावलेली. उतारानेच डिझेल आणायची वेळ आली, तर उष्णतेने आपोआप बंद होणारा फायर व्हॉल्व्ह बर्नरच्या अलीकडे हवाच.

साठ्याचा कायदाही माहीत असू द्या. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल ‘ब’ वर्गात येतं. परवान्याशिवाय एका जागी २,५०० लिटरपर्यंत ठेवता येतं, पण कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. त्याच्या वर गेलात की परवाना आला. विम्यावाला आग लागल्यावर हेच आधी विचारतो.

पाइप तांब्याचा चालतो, जोड फ्लेअरचे, म्हणजे पाइपचं तोंड फुलवून आवळायचे, घ्या. जीआय पाइप नको. त्यावरचा जस्ताचा थर डिझेलशी जुळत नाही, गाळ होतो आणि तो नोझलपर्यंत येतो. आता एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे मी कित्येक नवे पंप फुटलेले पाहिले. पंपाच्या पोटात एक छोटा बायपास स्क्रू असतो. टाकीपासून एकच पाइप येत असेल तर तो काढायचा, जाणारा-येणारा असे दोन असतील तर बसवायचा. एकपाइपी जोडणीत तो आत राहिला तर परत जायला वाट नसलेलं डिझेल दांड्याचं सील फोडून बाहेर येतं. दोनपाइपी जोडणीत परतीच्या पाइपवर कॉक बसवला आणि कुणी चुकून बंद केला, तरी हेच. परतीवर कॉक नकोच. तुमचा फिटर हा स्क्रू कुठे असतो ते दाखवू शकला, तर त्याच्याबद्दलचं माझं मत थोडं सुधारेल.

माळवदाची मला जास्त काळजी आहे. चिमणी लाकडातून सरळ आरपार न्यायची नाही. जमत असेल तर भिंतीतून बाहेर काढून बाहेरूनच वर न्या. लाकडातून न्यावीच लागली तर भोवती मोकळी जागा, त्यात न जळणारं इन्सुलेशन, बाहेरून पत्र्याची बाही. ओव्हनच्या तोंडाचा व्यास असेल त्यापेक्षा चिमणी बारीक करू नका. आडवा तुकडा शक्य तितका आखूड. बाहेरचं टोक छपराच्या कण्याच्या वर जाऊ द्या, नाहीतर वारा धूर परत ढकलतो. तळाशी काजळी काढायला झाकण. या चिमणीत दुसरं काहीही जोडायचं नाही, चहाची शेगडीसुद्धा नाही.

आणि हवा. एक लिटर डिझेल नीट जळायला नऊ-दहा घनमीटर हवा लागते, व्यवहारात थोडी जास्तच. तासाला साडेचार लिटरचा बर्नर म्हणजे तासाला पन्नासएक घनमीटर हवा त्या खोलीतूनच जाणार. पीठ फुगायला ऊब हवी म्हणून बेकरीवाले दारं-खिडक्या बंद करतात आणि वर उकडतं म्हणून एक्झॉस्ट पंखा लावतात. मग पंखा आणि चिमणी यांची ओढाताण सुरू होते. पंखा जिंकला की चिमणीतला धूर खोलीत उतरतो आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नाही. बर्नरच्या बाजूच्या भिंतीत कायमची उघडी जाळी ठेवा, जिला झडपच नाही अशी. झडप असली की कुणीतरी थंडीत बंद करतंच. शिवाय ओव्हन आणि भिंत यांच्यात इतकी जागा सोडा की बर्नर बिजागरीवर पूर्ण बाहेर फिरेल. ज्या बर्नरपाशी माणूस बसू शकत नाही त्याची सर्व्हिस होत नाही, बिल मात्र होतं.

पहिल्यांदा पेटवताना कंपनीच्या माणसाकडून तीन गोष्टी कागदावर घ्या: पंपाचा दाब, चिमणीतला ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड, आणि धुराच्या कागदाचा आकडा, म्हणजे धूर पांढऱ्या कागदातून ओढल्यावर पडणारा ठिपका किती काळा ते. डिझेलला ऑक्सिजन ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास आणि धुराचा ठिपका ० ते ९ या पट्टीवर ० किंवा १ असला की मी पाने-पक्कड पेटीत टाकायचो. ज्योतीचा रंग बघून सेटिंग करणारा मिस्त्री मी स्वतःही होतो. मशीन आल्यावर कळलं की कितीतरी वेळा चुकत होतो.

आमच्या पावाला कधीकधी डिझेलचा वास येतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. टाकी, पाइप कुठे गळत नाही. (सोलापूर)

रॅक ओव्हनमध्ये ज्योतीचा धूर एका स्टीलच्या डब्यातून आणि नळ्यांतून जातो आणि पावाभोवती फिरणारी हवा त्या डब्याच्या बाहेरून जाते. दोघांची गाठ पडायला नको. वास येतोय म्हणजे बहुधा हा डबा-नळ्यांचा संच, म्हणजे हिट एक्सचेंजर, कुठेतरी फाटलाय. बर्नरच्या काचेतून ज्योत बघत थांबा आणि कुणाला तरी आतला फिरता पंखा चालू करायला सांगा. पंखा सुरू होताच ज्योत हलली, झुकली किंवा फडफडली, तर भोक आहे. आजच ओव्हन बंद करा. फक्त वासाचा प्रश्न नाही, तो धूर पावावर आणि दार उघडलं की कारागिराच्या तोंडावर जातो. वेल्डिंगचं ठिगळ फार टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जुलै २०२१ च्या पुरात आमची बेकरी माळ्यापर्यंत पाण्यात होती. बर्नर धुऊन, वाळवून कपाटात ठेवला होता. आता दुसऱ्या ओव्हनला तो वापरावा का? दिसायला नवा आहे, मोटर हाताने छान फिरते. (एक भगिनी, चिपळूण)

ताई, त्या पुरानंतर मी चिपळूणला आठ दिवस होतो, म्हणून तुमचं पत्र वरती काढलं. वाशिष्ठीचा तो गाळ मला आठवतो. मोटरच्या बेअरिंगमध्ये, पंपाच्या जाळीत, फोटोसेलच्या काचेमागे, सगळीकडे एकच तांबूस मेणचट थर.

कंट्रोल बॉक्स आणि ट्रान्सफॉर्मर कचऱ्यात टाका. भंगारातही देऊ नका, कुणीतरी वाळवून विकेल. कंट्रोल बॉक्सचं कामच ज्योत नसताना डिझेल तोडणं हे आहे, आणि आतला एखादा रिले (विजेने उघडझाप होणारा छोटा स्विच) गंजून चिकटला तर तो नेमक्या त्या क्षणी सुटणार नाही. बाकी शंभर वेळा बर्नर ठीक पेटेल, म्हणून कुणाला संशयही येणार नाही. फोटोसेल, नोझल, होज पाइप, सोलेनॉइडची कॉइल, वायरिंग नवं. मोटर रिवाइंडरकडे देऊन मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासून घ्या. पंप उघडून गिअरवर गंज असेल तर तोही गेला. उरलं काय, तर बीडाचा सांगाडा आणि पंखा. या सगळ्याची बेरीज केलीत तर नवा बर्नर महाग वाटणार नाही. आणि नवा बसवताना टाकी आधी धुऊन घ्या, नाहीतर जुना गाळ नव्या पंपात.

ओव्हन तापायला वेळ लागतो. १.०० ऐवजी १.५० चं नोझल टाकलं तर? आणि नोझल सुईने साफ करून किती वेळा वापरता येतं? (नाशिक)

सुई आणि नोझल यांची भेट घडवू नका. ते छिद्र आणि त्यामागच्या तिरक्या खाचा आरशासारख्या घासलेल्या असतात. सुईचा एक ओरखडा आणि फवारा एका बाजूला झुकतो, ज्योत भट्टीच्या भिंतीला चाटायला लागते, तिथे कोळसा जमतो. नोझल वर्षाला बदला, डिझेल खराब असेल तर आधीच. बदलताना आकड्याबरोबर अंश आणि अक्षरही तेच घ्या. ६० अंशाचा फवारा आणि ८० अंशाचा फवारा, तसंच पोकळ आणि भरीव फवारा, भट्टीच्या आकाराप्रमाणे ठरलेले असतात. दुकानदार ‘हेच चालतंय सगळ्यांना’ म्हणाला तरी जुनं नोझल हातात धरून ताडून बघा.

आता मोठ्या नोझलचं. दीडपट डिझेल टाकलंत आणि हवा तितकीच ठेवलीत, तर जास्तीचं डिझेल काजळी होऊन नळ्यांवर बसणार आणि ओव्हन आणखी उशिरा तापणार. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या पुस्तिकेत दिलंय की ३ मिलिमीटर काजळीने इंधन अडीच टक्के जास्त लागतं. हवाही वाढवली तरी डबा आणि नळ्या तितक्या उष्णतेसाठी घडवलेल्याच नसतात. त्या लाल होतात, वाकतात, आणि मग तुम्ही मला सोलापूरच्या वाचकासारखं पत्र लिहिता.

पूर्वी लवकर तापायचा आणि आता तापत नाही असं असेल तर आधी नळ्या घासा. मग चिमणीच्या बुडाशी थर्मामीटर लावून तापमान लिहून ठेवत जा. धुराचं तापमान दर २२ अंशांनी खाली आलं की सुमारे एक टक्का इंधन वाचतं, हेही त्याच पुस्तिकेत आहे. ते तापमान महिन्यागणिक चढत असेल तर काजळी वाढतेय. घासायची तारीख कॅलेंडर बघून नका ठरवू, हा आकडा बघून ठरवा.

फरसाणाचा कारखाना आहे. महिन्याला बरंच जळकं तेल उरतं. डिझेलमध्ये मिसळून बर्नरला वापरलं तर? (अहिल्यानगर)

नको. डिझेल पाण्यासारखं पातळ, तळणीचं तेल त्याच्या दसपट घट्ट. तुमच्या बर्नरचा पंप आणि नोझल त्याचं धुकं करू शकत नाही. त्यात बेसनाचे कण, मिठाचा अंश. आठवडाभर चालेल, मग नोझलच्या टोकाला डिंकासारखी गुठळी आणि पंपाचं सील गेलेलं. थंडीत तर फिल्टरमध्येच गोठेल. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलवाल्यांना देण्याची अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ‘रुको’ योजना आहे. नोंदणी असलेल्या गोळा करणाऱ्याला विका आणि त्या पैशांतून डिझेल घ्या. तेच तेल गाड्यावरच्या भजीवाल्याला विकू नका, एवढं पदरचं सांगतो.

आमची मुंबईतली जुनी लाकडाची भट्टी बंद करायची आहे. डिझेल बर्नर बसवू का? (मुंबई)

माझा धंदा डिझेलचा, तरी सांगतो, बसवू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य हरित इंधनावर न्या, असं सांगितलं. डिझेलवर खर्च करून उद्या पुन्हा बदलायची पाळी येईल. तुमच्या रस्त्यावर पाइप गॅस आला आहे का ते आधी विचारा. गॅसचा बर्नर मात्र गॅसवाल्याच्याच हातून, माझ्यासारख्या डिझेलवाल्याकडून नाही.

आम्ही न्यू जर्सीत जुनं घर घेतलं. तळघरात तेलावर चालणारी हीटिंगची भट्टी आहे. इकडची सगळी मित्रमंडळी गॅसवाली, कुणाला माहिती नाही. हिवाळ्यात सासू-सासरे येणार आहेत. रोज काय बघायचं, काय बघायचं नाही? (एक वाचक, न्यू जर्सी)

ताई, मुलगी कनेक्टिकटला असते. एका हिवाळ्यात तिच्याकडे तीन महिने होतो. तिच्या तळघरात पहिल्यांदा उतरलो तेव्हा बर्फात गावचा माणूस भेटल्यासारखं झालं. तोच पंप, तेच नोझल, तोच डोळा. फक्त इथे पाव भाजायचे, तिथे माणसं शेकायची. जावयाने मला झाकण उघडू दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. तिकडे ते काम परवान्याच्या माणसाचं.

तुमचं काम बघण्याचं. तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीचा एक स्विच असेल, तो या भट्टीचा आहे. घरातल्या सगळ्यांना, सासू-सासऱ्यांनाही, पहिल्याच दिवशी दाखवा. बर्नर बंद पडला तर लाल बटण एकदाच, हे तिकडेही तसंच. घरच्या भट्टीत साचलेलं तेल एकदम पेटलं की काजळी एअर डक्टमधून थेट पडद्यांपर्यंत येते, आणि त्याला तिकडे वेगळं नावच आहे, पफबॅक. तळघरात कपडे वाळवायचा पंखा, रंगाचे डबे, पुठ्ठ्याची खोकी भट्टीच्या आसपास नकोत. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म तुमच्या राज्यात घरांना सक्तीचे आहेत, पण बऱ्याचदा त्यांची तारीख संपलेली असते. उलटं करून बघा आणि झोपायच्या खोल्यांबाहेर नवे लावा.

चिमणीकडे जाणाऱ्या पाइपवर एक गोल पत्र्याचं झुलतं झाकण असेल. ते चिमणीची ओढ सांभाळतं. हलतंय म्हणून कुणी टेपने चिकटवू नये, आधीच्या मालकाने चिकटवलं असेल तर ती टेप काढून टाका. वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या आधी, नोझल, फिल्टर आणि धुराची तपासणी करून घ्या आणि आकड्यांचा कागद भट्टीला अडकवून ठेवा. टाकी पाव शिल्लक असतानाच तेल मागवा. पार संपली की तळाचा गाळ पंपात ओढला जातो, पाइपात हवा शिरते आणि मग शून्याखाली दहा तापमानात तंत्रज्ञाची वाट बघत सगळे कोट घालून बसता.

घर जुनं आहे म्हणून आणखी दोन गोष्टी. अंगणात गाडलेली जुनी टाकी असू शकते. घर घेण्याआधी तपासणी झाली नसेल तर आता करून घ्या, त्या गंजून गळतात आणि मातीचा खर्च मालकाच्या माथी येतो. दुसरी गोष्ट भरण्याच्या पाइपची. कधीकाळी टाकी काढून टाकली आणि भिंतीबाहेरचं तोंड तसंच राहिलं, असं होतं. मग चुकून आलेल्या ट्रकने त्यात ओतलेलं तेल थेट तळघराच्या फरशीवर. तुमच्या घराबाहेर अशी दोन तोंडं असतील तर जे वापरात नाही ते आतून-बाहेरून कायमचं बुजवून घ्या. जे वापरात आहे त्याच्या टाकीवर शिट्टी असते. तेल आत जाताना टाकीतली हवा त्या शिट्टीतून बाहेर पडते, आणि शिट्टी थांबली की टाकी भरली. आवाजच आला नाही तर भरणारा माणूस थांबायला हवा. पहिल्यांदा ट्रक येईल तेव्हा स्वेटर घालून बाहेर उभ्या राहा आणि ती शिट्टी वाजतेय ना, ते स्वतःच्या कानांनी ऐका.